जाड पट्टी म्हणजे मजबूत आर्म नव्हे

खडीवाट

चार दिवसांपूर्वी लोहारकी यांनी आपल्या फोर-व्हील-ड्राइव्ह डेलिका स्पेस गिअरच्या (मित्सुबिशीची व्हॅन, त्यांनी झोपायची सोय असलेली कॅम्पर केलेली) सस्पेन्शनचं काम सविस्तर लिहिलं. पुढची चाकं वरून धरणारे आर्म, मागचा ॲक्सल पुढे-मागे धरणाऱ्या दोन खालच्या लिंक आणि तो बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड, सगळं स्वतः कापून, वेल्ड करून बसवलं आणि गाडी ७५ मिमी उचलली. फोटो सुरेख होते, मेहनत दिसत होती. पण शेवटी त्यांनी तीन वाक्यं लिहिली आणि त्याखाली पंधरा-वीस जणांनी "आता मीही करतो" म्हटलंय. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. ती वाक्यं अशी: "कंपनीचा आर्म पत्र्याचा, माझा १२ मिमी पट्टीचा, तो तुटूच शकत नाही." "२००० किमी खडकाळ रस्त्यावर चालवली, काही झालं नाही." "मिग मशीन (तार सोडत वेल्ड करणारं) असलेल्या कुणालाही हे जमेल."

लोखंड एका दणक्यात तुटतं, किंवा थकून तुटतं. जाडी हा पहिल्यावरचा उपाय आहे. थकव्याचा तडा पट्टीच्या पोटातून निघत नाही. टाका, म्हणजे वेल्डची रेघ, संपून मूळ लोखंड जिथं सुरू होतं, त्या काठावरच्या बारीक खाचेतून तो निघतो. तिथं साधं माइल्ड स्टील असो की महागडी क्रोमोली (मिश्र पोलादाची) नळी, वेल्ड केल्यावर काठ तसाच सोडला तर थकव्यापुढे दोघांचा टिकाव जवळपास सारखाच. शिवाय १२ मिमीच्या पट्टीला कडा न तासता लहान मिग मशीनने टाका मारला तर वरून तो नाण्यांच्या चळतीसारखा देखणा दिसतो आणि मुळाशी लोखंड वितळलेलंच नसतं. जाडी वाढवली की टाक्याची खोली आपोआप वाढत नाही, उलट उष्णता पट्टीच खाऊन टाकते.

आता २००० किमी. ताशी ५० ची सरासरी धरली तर ४० तास, म्हणजे १,४४,००० सेकंद. गाडीचं अंग सेकंदाला साधारण सव्वा वेळा डोलतं, म्हणजे १,८०,००० हेलकावे झाले. वेल्डच्या फटीगच्या, म्हणजे थकव्याच्या, श्रेणी २० लाख आवर्तनांवर सांगितलेल्या असतात. म्हणजे परीक्षेचा दहावा हिस्सासुद्धा झालेला नाही आणि निकाल लावून मोकळे झालो.

सगळ्यात काळजी वाटली ती पुढच्या वरच्या आर्मची. जुन्या आर्ममधलं बॉल जॉइंटचं (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोलाकार सांध्याचं) घर कापून नव्या पट्टीला जोडलंय. ते घर कुठल्या पोलादाचं आहे, त्यात कार्बन किती, हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही. मध्यम कार्बनचं घडीव पोलाद आधी न तापवता वेल्ड केलं की टाक्याशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होऊ शकतो. आणि हा भाग तुटला तर काय होतं? शॉकअबचं ब्रॅकेट तुटलं तर गाडी डोलते, आपण शिव्या देत बाजूला घेतो. पुढचा वरचा आर्म तुटला तर चाकाचा वरचा आधारच जातो आणि स्टिअरिंगला अर्थ उरत नाही. तीन टनांच्या आसपासची गाडी, मागे झोपलेली मुलं.

पॅनहार्डचंही तेच. मागच्या ॲक्सलवर १४०० किलो धरा. वळणात आडवा जोर वजनाच्या ०.७ पट आला तर ९८० किलोचा भार होतो, आणि तो सगळाच्या सगळा एकाच रॉडमधून, एकाच बोल्टमधून जातो. फोटोत तो बोल्ट एका बाजूनेच धरलेला आहे. ब्रॅकेटच्या दोन कानांच्या मध्ये नाही, सिंगल शिअरमध्ये, म्हणजे सगळा जोर एकाच जागी कातरतो. शिवाय वाकण्याचा मार वेगळा.

माझं म्हणणं एवढंच. शॉकअबचे माउंट, बंप स्टॉपचे ठोकळे, स्प्रिंगच्या बैठका, स्किड प्लेट हे खुशाल घरी बनवा. पुढचा आर्म, नकल (चाक धरून वळणारा तुकडा), टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगच्या दांड्या) यांना घरच्या वेल्डिंगचा हात लावू नका.

लोहारकी

एवढी काळजी होती तर मला आधी एक ओळ पाठवायची होती. थेट माझं नाव घेऊन धागा काढलात. असो.

माझ्या गाडीचे मूळ आर्म गंजून आरपार गेले होते, बोट जाईल एवढी भोकं. नवे मिळेनात. जुने मिळाले ते माझ्यापेक्षा वाईट. तुमच्या "हात लावू नका"चा सरळ अर्थ गाडी भंगारात घाला असा होतो. ते तुम्ही स्पष्ट लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांना कळलं असतं.

आणि कंपनीचा आर्म म्हणजे काय हो? दाबून वळवलेले दोन पत्रे, शिवणीला वेल्ड केलेले. तोही वेल्डच. तो मशीनने मारला म्हणून पवित्र आणि मी मारला की गुन्हा? चौदा वर्षं मी ट्रेलर आणि शेतीची अवजारं बनवतोय. नांगराच्या दांडीला जो मार बसतो तो तुमच्या कॅम्परला जन्मात बसणार नाही.

पट्टीच्या कडा ४५ अंशांत तासल्या होत्या, दोन्ही बाजूंनी. फोटोत दिसत नाही म्हणून केलंच नाही असं तुम्ही कसं धरलंत?

पॅनहार्डचं ब्रॅकेट एका बाजूने आहे हे खरं. ते चुकलं. दुसरा कान लावतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

सिंक्रोवाला

लोहारकींच्या बाजूने. खडीवाट यांची गाडी अजून बाजारात भाग मिळणारी असावी.

माझी टी-थ्री सिंक्रो (फोक्सवॅगनची फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन) १९८७ ची. ग्राझमध्ये श्टायर-डाइमलर-पुखने १९८५ ते १९९२ एवढीच वर्षं सिंक्रो जोडली. साध्या टी-थ्रीचे भाग मिळतात, सिंक्रोचे म्हटलं की शोधाशोध सुरू. एका सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) तुकड्यासाठी मी सात महिने गाडी ठोकळ्यांवर उभी ठेवली. सात महिने. शेवटी एका म्हाताऱ्या फॅब्रिकेटरने जुन्या तुकड्यावरून कागदाचा नमुना कापला, जिग (तुकडे जागेवर धरणारा साचा) बांधलं, भोकं आधी न पाडता सगळं टॅक (छोटे तात्पुरते टाके) मारून गाडीखाली लावून पाहिलं, मग उतरवून पूर्ण टाका मारला आणि सगळ्यात शेवटी भोकं पाडली. वेल्ड थंड होताना ओढतं म्हणून. त्याला ही अक्कल कुणी पुस्तकातून दिली नव्हती. त्याला नऊ वर्षं झाली.

"घरी" आणि "कारखान्यात" ही भिंतच खोटी आहे. काम येणारा आणि न येणारा एवढाच फरक.

वजनकाटा

सगळे आर्मवर तुटून पडलाय. एकानेही विचारलं नाही की गाडी तोलली आहे का. चार चाकांचं वेगवेगळं वजन माहीत नसताना ७५ मिमी उचलायची ठरवली कशावरून?

डिलिव्हरी व्हॅन रिकामीही पळते आणि भरूनही, म्हणून तिची मागची स्प्रिंग तडजोडीची असते. कॅम्पर कायम भरलेलीच असते. कपाटं, बॅटऱ्या, गादी कुठे जात नाहीत. म्हणजे आपल्याला एकाच वजनासाठी नेमकी स्प्रिंग निवडता येते, आणि आपण ती संधी वाया घालवतो, "हेवी ड्यूटी" लिहिलेलं काहीतरी आणून बसवतो. हिशोब अगदी सोपा आहे. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते त्याचं वर्गमूळ काढा, ५ ला त्याने भागा, गाडी सेकंदाला किती वेळा डोलेल ते मिळतं. २५ सेमी दबली तर १, ११ सेमीला दीड, सव्वासहा सेमीला २. दोनच्या वर गेलात की भांडी कपाटातून बाहेर येतात आणि सगळ्या वेल्डना तोच मार बसतो. हे गणित न करता मी तीन वेळा स्प्रिंगा बदलल्या. तोलली चौथ्या वेळी. तेव्हा कळलं की पाण्याची टाकी, फ्रिज, गॅस सगळं एकाच बाजूला होतं.

आणि टॉर्शन बारचा (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या पुढच्या दांडीचा) बोल्ट आवळला की पुढचं सस्पेन्शन "कडक" होतं असं परवा पुन्हा कुणीतरी लिहिलं. होत नाही. बार तोच, लांबी तीच, जाडी तीच, तर ताठपणाही तोच. फक्त गाडीची उंची बदलते आणि खाली झुकायची जागा संपते. मग वरचा आर्म प्रत्येक खड्ड्यात थांब्यावर आपटतो आणि आपण म्हणतो कडक झाली.

खडीवाट

वजनकाटा, विषय स्प्रिंगचा नाही. पण टॉर्शन बारचं लिहिलंत ते इथं लागू आहे. पुढून ७५ मिमी बार आवळून उचलली असेल तर नवा वरचा आर्म जवळपास थांब्यावरच टेकून चालतोय. प्रत्येक खड्ड्यात आर्म थांब्यावर आणि बॉल जॉइंट त्याच्या टोकाच्या कोनात. तो मार घरच्या वेल्डवर.

वजनकाटा

विषय स्प्रिंगचा नाही म्हणता आणि पुढच्याच वाक्यात माझाच मुद्दा वापरता. वजन हा मूळ विषय आहे, आर्म नंतर.

निळी_ठिणगी

मी वेल्डिंग तपासणीचं काम करते, रोजचं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय.

खडीवाट, तुमच्या लिहिण्यातून असं वाटतं की वेल्ड म्हणजे कमजोर जागा. नीट मारलेला टाका ओढून तोडायला गेलात तर शेजारचं लोखंड आधी जातं. थकव्यापुढे तो कमी पडतो हे बरोबर, पण त्यावरही उपाय आहेत: टाक्याचा काठ बुराने (फिरत्या दातेरी हत्याराने) घासून खाच काढायची, किंवा टिगने (बारीक आर्कचं वेल्डिंग) त्यावरून पुन्हा फिरवून काठ गुळगुळीत करायचा. आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ओढ जास्त आहे तिथं टाका न आणणं. गसेटचं (कोपऱ्यातल्या टेकूच्या पट्टीचं) टोक नळीवर आडवं संपवलं की तिथून तडा गेलाच म्हणून समजा. लोहारकींच्या मागच्या लिंकवर टाका लांबीच्या दिशेने गेलाय, ते त्यांनी बरोबर केलंय.

लोहारकी, नांगराचं उदाहरण इथं चालत नाही. नांगर तुटला तर उभा राहतो. आणि बॉल जॉइंटच्या घराबद्दल खडीवाट यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. कोणतं पोलाद ते ठाऊक नसताना जोडायचंच असेल तर निदान ग्राइंडर लावून ठिणग्या बघा, जास्त फुटून पसरल्या तर कार्बन जास्त. मग आधी तापवा, कमी हायड्रोजनच्या वेल्डिंग रॉडने मारा, ७०१८ चालेल पण भट्टीत सुकवलेले, पुडा महिनाभर उघडा पडलेले नकोत, आणि काम झाल्यावर राखेत किंवा ब्लँकेटमध्ये हळूहळू निवू द्या. मिगने थंड तुकड्यावर मारलं असेल तर तो आर्म मी माझ्या गाडीला लावणार नाही. डाय पेनिट्रंट करून बघा. साफ करा, लाल रंग फवारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुसा, वरून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर लाल रेघ वर येते.

लोहारकी

ताई, तुमचं ऐकतो, कारण तुम्ही काम करता. घर थंडच होतं, खोटं बोलणार नाही. डाय मागवतो. पण तडा निघाला नाही तर खडीवाट यांनी इथंच येऊन तसं लिहायचं.

खडीवाट

लिहीन. आणि "वेल्ड म्हणजे कमजोर जागा" असं वाटण्यासारखं लिहिलं गेलं ते माझं चुकलं. कंपनीच्या आर्मलाही वेल्ड असतो हा मुद्दाही खरा आहे. फक्त त्या डिझाइनचे नमुने मशीनवर तुटेपर्यंत हलवून पाहिलेले असतात, आपला पहिला नमुना आपल्याच मुलांना बसवून रस्त्यावर तपासला जातो.

दूरचा_पल्ला

मला वेगळंच दिसलं. मागच्या लिंकच्या दोन्ही टोकांना लाल पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश आहेत, म्हणजे बोल्टभोवतीच्या कड्या, जिथं एरवी रबर असतं. का?

लोहारकी

रबर आठ महिन्यांत फाटलं. पॉली फाटत नाही.

दूरचा_पल्ला

फाटत नाही हीच तर अडचण आहे. मागे अखंड ॲक्सल. एक चाक दगडावर चढलं की ॲक्सल तिरका होतो आणि लिंकला स्वतःच्या अक्षाभोवती पीळ बसतो. रबर तो पीळ गिळतं. पॉली गिळत नाही, तो फक्त बोल्टभोवती फिरायला बनलाय. दोन्ही टोकांना पॉली म्हणजे लिंक पिळायला तयार नाही. १२ मिमीची पट्टी तर नाहीच नाही. मग पीळ जातो कुठे? बॉडीच्या माउंटमध्ये, म्हणजे लिंक बॉडीला जिथं बोल्ट होते त्या जागेत. स्पेस गिअरला स्वतंत्र चॅसी नाही, मोनोकॉक आहे, माउंट पातळ पत्र्याच्या पेटीवर आहेत.

सिंक्रोवाला

पॉलीवर उगाच राग. माझ्याकडे पुढे पॉली आहे, सहा वर्षं, स्टिअरिंग सुरीसारखं.

दूरचा_पल्ला

तुमच्या पुढच्या आर्मला एकाच अक्षाभोवती वरखाली व्हायचंय. तिथं पॉली चालतो. मी मागच्या लिंकबद्दल बोलतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोहारकी

मग रबर का फाटलं ते सांगा ना. पाट्याच्या गाडीत वीस-वीस वर्षं टिकतं म्हणे.

दूरचा_पल्ला

बोल्ट कधी आवळले होते? गाडी जॅकवर, चाकं लटकत असताना?

लोहारकी

हो. नाहीतर पाना जातो कुठे तिथं?

दूरचा_पल्ला

तेच. रबराचा बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो. तो घसरत नाही, रबर स्वतः पिळून हालचाल देतं. ॲक्सल लटकत असताना बोल्ट आवळलात तर रबराचा शून्य तिथं ठरतो. गाडी खाली ठेवली की उभ्या उभ्या ते पिळलेलं. वर खड्ड्यात आणखी पिळणार. आठ महिने टिकलं हेच पुष्कळ. बोल्ट ढिले ठेवायचे, गाडी पूर्ण वजनानिशी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा हलवायची आणि मगच टॉर्क द्यायचा. रबराला बदनाम करून पॉली घालणं म्हणजे स्वतःची चूक लोखंडाच्या माथी मारणं.

लोहारकी

तुम्ही स्वतः आयुष्यात एक तरी आर्म बनवलाय का? की वाचून वाचून शहाणे झालात? इथं ज्याला त्याला माझ्या गाडीखाली वाकून बघायचंय आणि स्वतःच्या गाडीचा एक फोटो टाकायचा नाही.

दूरचा_पल्ला

नाही बनवला. एकही नाही. पण बॉडीचं माउंट फाटल्यावर काय होतं ते मी वाचलेलं नाही, अनुभवलंय. दोन्ही बाजूंना पॉली घालून घेतले होते, एका नावाजलेल्या दुकानातून. कोरड्या नदीपात्रातून चढताना मागून टक् असा एकच आवाज आला. उतरून पाहिलं तर काही दिसलं नाही. दहा किलोमीटरवर पॅनहार्डचं बॉडीकडचं ब्रॅकेट पत्र्यासकट उचकटलेलं. ॲक्सल सरकून डावा टायर कमानीला घासत होता. सामान बांधायच्या रॅचेट पट्ट्यांनी ॲक्सल दोन्ही बाजूंनी ओढून बांधला आणि चालण्याच्या वेगाने ६० किमी आलो. बायको पुढे चालत दगड बाजूला करत होती. तो दिवस मी विसरणार नाही, त्यामुळे मी बुशवर बोलणार, तुम्हाला आवडो न आवडो.

लोहारकी

ठीक आहे. "वाचून शहाणे" हे शब्द मागे घेतो.

खडीवाट

बुशचा वेगळा धागा काढला तर बरं होईल. मूळ प्रश्न घरी बनवलेल्या आर्मचा होता.

दूरचा_पल्ला

वेगळा का? आर्म म्हणजे दोन बुशमधली पट्टी. तुम्ही पट्टीवर दीड पान लिहिलंत आणि बुशवर शून्य ओळी.

सिंक्रोवाला

मागे पॉली नको तर रॉड एंड (गोलाकार सांधा असलेलं आट्यांचं लोखंडी टोक) लावा, पीळ आरामात सुटतो. रेसच्या गाड्यांना तेच असतात.

निळी_ठिणगी

रेसची गाडी दर शर्यतीनंतर उघडली जाते. रॉड एंड धुळीत, चिखलात लवकर खडखडतो आणि कॅम्परखाली दर रविवारी कोण जातं? त्याहून महत्त्वाचं, तो ओढायला आणि दाबायला बनलाय, वाकायला नाही. चेक नटला (तो जागेवर घट्ट धरणाऱ्या नटला) लागून जो पहिला आटा असतो तिथून तो तुटतो. खालच्या लिंकवर दगड आदळला की वाकण्याचाच मार बसतो. पीळ सोडायचा असेल तर एका टोकाला रबर आणि दुसऱ्या टोकाला ग्रीस भरता येणारा, पुन्हा भरून घट्ट करता येणारा गोलाकार जॉइंट.

सिंक्रोवाला

बरं. चिखलाचं मान्य. माझ्याकडच्या दोन रॉड एंडचा खडखडाट दुसऱ्याच पावसाळ्यात सुरू झाला होता, ते मी सांगितलं नव्हतं.

लोहारकी

पॅनहार्डला दुसरा कान लावला. जुना बोल्ट काढून १२.९ चा (ताकदीची वरची श्रेणी) झिंक केलेला घातला, आता कुणी बोलायचं नाही.

निळी_ठिणगी

बोलावं लागेल. १२.९ ला साधं इलेक्ट्रोप्लेटिंगचं झिंक नको. एवढ्या कडक पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट आवळून ठेवला की तो काही तासांनी, काही दिवसांनी उभ्या जागी तुटू शकतो. मी पाहिलंय. संध्याकाळी टॉर्क दिलेला बोल्ट, सकाळी डोकं जमिनीवर पडलेलं, गाडी जागची हललेली नाही. १०.९ चा घ्या. हजार मेगापास्कलचं बळ आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताण सोसतो, दोन कानांमध्ये तो भरपूर आहे. आणि लांबी अशी निवडा की कानाच्या जागी सपाट दांडा येईल, आटे नाहीत. मोठा आकडा म्हणजे चांगला बोल्ट, ही जाड पट्टीसारखीच समजूत आहे.

लोहारकी

१०.९ आणतो.

पण एक सांगतो, या धाग्यात सगळे नको नको म्हणतायत, करा कसं ते फक्त ताई सांगतायत. खडीवाट, तुम्हीही सांगा. उचललेल्या गाडीला मूळ पॅनहार्ड चालतो का? नाही ना? मग बनवायचा नाही तर काय करायचं?

खडीवाट

रास्त प्रश्न. चालतो की नाही ते रॉडच्या कलावर आहे. ९०० मिमीचा रॉड आडवा सपाट असताना गाडी ५० मिमी उचलली तर ॲक्सल बाजूला जेमतेम १.४ मिमी सरकतो, कळतसुद्धा नाही. पण तोच रॉड आधीच ५० मिमी कललेला असेल आणि आणखी ५० उचललंत तर ४ मिमीच्या वर सरकतो. तरी तेवढं मापून, सहन करून चालवता येतं. खरा त्रास पुढचा: कल वाढला की प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल डावीकडे-उजवीकडे ढकलला जातो आणि मागची बाजू शेपटीसारखी हलते. नुसता लांब रॉड बनवून तो जात नाही. ॲक्सलकडचं ब्रॅकेट वर घेऊन रॉड पुन्हा सपाट करावा लागतो. ते ब्रॅकेट ॲक्सलच्या नळीवर वेल्ड करावं लागतं, थोडं थोडं, जागा बदलत, नाहीतर नळी वाकते आणि चाकांचा कोन जातो. हे घरी करता येतं. मी विरोध करत नाही. मागची लिंकही, माप, बुश आणि टाका नीट असेल तर, चालेल असं आता म्हणतो. पहिल्या लेखात मी मागचं-पुढचं एकाच सुरात लिहिलं, ते जास्त झालं.

पुढच्या आर्मवर मात्र मी आहे तिथंच आहे.

लोहारकी

काल डाय मारला. सांगायचं ठरलं होतं म्हणून जसं आहे तसं सांगतो.

मागच्या दोन्ही लिंक स्वच्छ. एक रेघ नाही. पॅनहार्ड स्वच्छ. पुढचा डावा आर्म स्वच्छ. पुढच्या उजव्या आर्मवर बॉल जॉइंटच्या घराच्या टाक्याशेजारी लाल रेघ, नखाएवढी, साधारण ८ मिमी. घासून पुन्हा मारला, पुन्हा आली. दोन्ही आर्म उतरवले आहेत. डाव्यात काही नाही म्हणून तो ठेवायचा, असं डोक्यात आलं होतं, पण दोन्ही एकाच दिवशी एकाच मशीनने मारलेत. थंड घरावर मिगने मारलेला आर्म लावायचा नाही, ताई म्हणाल्या तसं.

आणि आता दूरचा_पल्ला यांच्यासाठी. उजव्या मागच्या लिंकचं बॉडीकडचं माउंट. कंपनीचं, मी हात न लावलेलं. पेटीच्या कोपऱ्यात तडा, ३० मिमी, डायची गरजच नव्हती, रंग खरवडला की डोळ्यांनी दिसतो. म्हणजे माझी पट्टी टिकली आणि गाडी फाटली.

खडीवाट, तुम्ही म्हणाल बघा. पण तुमच्या लेखात माउंटबद्दल एक शब्द नव्हता.

खडीवाट

नव्हता. दूरचा_पल्ला यांना बुशचा वेगळा धागा काढा म्हणालो तेही चुकलं.

आर्म उतरवलेत हे वाचून बरं वाटलं. खरंच.

दूरचा_पल्ला

माउंटवर नुसती जाड पट्टी डकवू नका. तड्याच्या टोकाला ३-४ मिमीचं भोक पाडून तो थांबवा, मग भरा, आणि वरून बसवायची ती पट्टी आजूबाजूच्या पत्र्याच्या जाडीच्या जवळपासची घ्या. मोठी, कोपरे गोल केलेली. जाड पट्टी लावलीत तर तडा तिच्या काठावरून पुन्हा निघेल. बॉडीकडच्या टोकाला रबर, गाडी चाकांवर उभी असताना आवळून.

सिंक्रोवाला

पुढच्या आर्मसाठी गंजलेल्या गाड्यांच्या मागे लागू नका. तोच आर्म दुसऱ्या कुठल्या मॉडेलला येतो का ते पार्ट नंबरवरून शोधा. माझा सबफ्रेमचा तुकडा सोडला तर बाकी बरंच मला तसंच मिळालं. नमुना म्हणून तुमचे कापलेले आर्म टाकून देऊ नका, मापं त्यावरच आहेत. आणि "काम येणारा आणि न येणारा एवढाच फरक" असं मी वर लिहिलं होतं. लोहारकींना काम येतं, तरी रेघ आली. ते वाक्य मी आता तसं लिहिणार नाही.

वजनकाटा

तडा उजवीकडेच का, हे कुणीच विचारलं नाही. लोहारकी, आता तरी तोला.

लोहारकी

तोलली. उतरवलेले आर्म तेवढ्यापुरते बसवून, गाडी न चालवता जागच्या जागी, चार चाकांखाली काटे ठेवून. पुढे डावं ५६०, पुढे उजवं ५९०, मागे डावं ६४०, मागे उजवं ७७०.

वजनकाटा

मागे उजवीकडे १३० किलो जास्त. पाण्याची टाकी उजवीकडे आहे? आणि तोलताना ती भरलेली होती की रिकामी?

लोहारकी

उजवीकडे. ९० लिटरची. रिकामी होती.